श्रद्धा, भावना आणि अनुभव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्म आणि मन या विषयावर कोल्हापुरात कुठंही बोलायला उभं राहिलं, की भाषणापेक्षा नंतरचा चहा लांबतो. माइकवर कुणी काही विचारत नाही. कपबशी हातात आल्यावर, इकडंतिकडं बघून, हळूच सुरुवात होते: "काय हो, आमच्या मामींच्या अंगात येतं..." असे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं देणारा पुजारी नाही, डॉक्टर नाही आणि देव मोडीत काढायला निघालेला माणूसही नाही. देवावर विश्वास आहे, चमत्कारांच्या बाबतीत मात्र हात आखडता आहे.

आरती सुरू झाली की माझे डोळे भरून येतात. ही देवाची खूण समजायची का?

खूण आहे, पण कशाची ते ठरवायला घाई नको.

भाव अंगावर कसा उमटतो याची आपल्याकडं यादीच आहे: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. कीर्तनकार हे अष्टसात्त्विक भाव सांगतात तेव्हा ते फक्त भक्तांच्याच वाट्याला येत असावेत असं वाटतं. मुळात ही यादी भरताच्या नाट्यशास्त्रातली, नाटकासाठी केलेली. भक्तिशास्त्रानं ती पुढं उचलली. देवळात आणि नाटकघरात शरीर एकसारखंच वागतं हे जुन्या लोकांना माहीत होतं, आणि त्यात त्यांना देवाचा अपमान वाटला नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू पेटलेली बघून कलावंत रडले, आयुष्यात दोन-चारच नाटकं बघितलेली माणसंही रडली. जे आपलं आहे त्याला धक्का लागला, किंवा ते अचानक पुढ्यात उभं राहिलं, की डोळे वाहतात. आरतीतल्या पाण्यावरून एवढं नक्की कळतं, की हे नातं तुमच्यासाठी खरं आहे. देवीनं कौल दिला, अडलेलं काम होणार, आपण शेजारच्यापेक्षा वरच्या पायरीवर आहोत, यातलं काहीही त्यावरून कळत नाही.

मला तर काहीच वाटत नाही. रोज पूजा करतो, दर शुक्रवारी अंबाबाईला जातो, पण आत कोरडंठाक. माझी श्रद्धा कमी आहे का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणारे बहुतेक पुरुष असतात. बायकोला भरून येतं, मित्राला पालखी दिसली की काटा येतो, आणि हे गृहस्थ रांगेत चपलांच्या टोकनाची काळजी करत उभे.

मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापून आली तेव्हा जगाला धक्का बसला. १९४६ साली दार्जिलिंगच्या रेल्वेप्रवासात ज्यांना आतून हाक ऐकू आली, त्यांनाच काम सुरू झाल्यावर जवळजवळ पन्नास वर्षं देवाचं सान्निध्य जाणवलं नव्हतं. प्रार्थना चालू, सेवा चालू, आत अंधार. ती श्रद्धा नव्हती असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण उलट्या बाजूनं बघण्यासारखं आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो विचार करून, ग्रंथ तपासून. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच नंतर लिहिलं. तो अनुभव यायला आठेक वर्षं गेली. मधल्या वर्षांत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उभं केलं. भावनेची वाट बघत त्या बसून राहिल्या नाहीत.

सूफी परंपरेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'हाल' म्हणजे अचानक येणारी आणि निघून जाणारी अवस्था, ती देणगी असते. 'मकाम' म्हणजे संयम, कृतज्ञता, भरवसा अशा कष्टानं गाठलेल्या पायऱ्या. हाल आला नाही म्हणून मकाम हुकत नाही. आणि आपल्या जिल्ह्यातल्या जैन बांधवांना विचाराल तर ते वेगळंच सांगतील. कुंभोजच्या बाहुबलीला गहिवरायला कुणाची मनाई नाही, पण समोरचा आदर्श आहे तो राग-द्वेष गळून पडलेल्या, शांत उभ्या असलेल्या माणसाचा. तिथं भावना उसळणं ही सिद्धी धरलीच जात नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या शेवटी संजयाची अवस्था सांगितली आहे: चित्त थबकलेलं, वाचा पांगुळलेली, अंगभर रोमांच, डोळ्यांत पाणी. समोर धृतराष्ट्र बसला आहे. तेच शब्द त्यानंही ऐकले, पण पुराच्या पाण्यात म्हैस बसावी तसा तो ढिम्म. हे वाचून कोरड्या मनाची माणसं अस्वस्थ होतात, ज्ञानदेवांनी आपल्यालाच म्हैस म्हटलं असं त्यांना वाटतं. मला ते तसं वाटत नाही. धृतराष्ट्राचे डोळे कोरडे राहिले हा त्याचा दोष नाहीच. ज्याच्या एका शब्दानं युद्ध थांबू शकलं असतं त्यानं तो शब्द कधी उच्चारला नाही, हा दोष. तुम्ही कोरडे असाल आणि आईचं औषधपाणी वेळेवर करत असाल, तर धृतराष्ट्राच्या ओळीत बसायचं काही कारण नाही.

एक मात्र तपासा. पूजेतच कोरडं वाटतं, की हल्ली नातवंडात, जेवणात, गाण्यातही काही वाटेनासं झालंय? सगळीकडंच तसं असेल तर प्रश्न श्रद्धेचा नाही. नैराश्याचं ते एक लक्षण असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

किरणोत्सवामागचं कारण कळल्यावर त्यातला भाव उरतो का?

अंबाबाईच्या देवळात सूर्य मावळताना किरणं महाद्वारातून आत येतात आणि पश्चिमेकडं तोंड असलेल्या मूर्तीवर पडतात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर हे त्याचे नेहमीचे दिवस. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख. सूर्याचं उत्तरायण-दक्षिणायन आणि देवळाची दिशा यांचं हे गणित आहे. ढग, हवेतली धूळ, बाष्प, वाटेत उभी राहिलेली बांधकामं, यांतलं काहीही आडवं आलं की किरणं कमरेपर्यंत येऊन विरतात. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक उपकरणं घेऊन उजेड मोजतात, आणि मोजून झाल्यावर हातही जोडतात.

माझ्या मते कारण कळल्यावर भाव वाढतो. इतक्या शतकांपूर्वी कुणी तरी आकाश न्याहाळून, दगडावर दगड बसवून, उजेडाला इतक्या लांबून आत आणण्याची वाट आखली. ती माणसं आपल्याच मातीतली. ज्याला हे कळल्यावर भाव आटतो असं वाटतं, त्याचा भाव बहुधा "हे कसं होतं कुणालाच कळत नाही" यावर उभा होता. तसला भाव कुठल्याही दिवशी एखादा आठवीतला पोरगा पाडू शकतो.

उलट बाजूही आहे. किरणं मुखापर्यंत पोचली नाहीत की "देवी कोपली" असे मेसेज फिरतात. त्या दिवशी नुसतं ढगाळ होतं.

जोतिबाला, सौंदत्तीला लोकांच्या अंगात येतं. ते खरं की सोंग?

दोन्ही नसण्याची एक शक्यता आहे, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तीच असते.

चैत्र पौर्णिमेचा जोतिबाचा, म्हणजे वाडी रत्नागिरीचा डोंगर आठवा. ऊन, उपास, रात्रभराची चाल, हलगी, उंच नाचणाऱ्या सासनकाठ्या, डोळ्यांत गुलाल, आणि हजारो गळ्यांतून एकाच वेळी "चांगभलं". अशा वेळी श्वास बदलतो, भान आकसतं, आणि काही माणसांचा स्वतःच्या हालचालींवरचा ताबा सुटतो. नंतर विचारलं तर बऱ्याच जणांना काही आठवत नाही. ते खोटं बोलत नसतात. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावी जूनमध्ये लोक निखाऱ्यांवरून चालतात. तिथं संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाची गती मोजली. २०११ साली छापलेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की चालणाऱ्याची आणि बघत असलेल्या त्याच्या नातेवाइकांची गती एकमेकांसारखी वरखाली होत होती. नुसत्या पाहुण्या प्रेक्षकांची तशी होत नव्हती. आपलं माणूस घुमायला लागलं की आपल्याही छातीत धडधडतं, ते यामुळं.

म्हणजे अवस्था खरी. पण त्या अवस्थेत तोंडातून जे शब्द येतात ते कुठून येतात? शब्द त्याच घरातले असतात, भांडणं त्याच भावकीतली, रुसवे त्याच चुलीवरचे. एरवी जिला कुणी विचारत नाही ती सून त्या तासाभरात सासूला एकेरीत हाक मारते आणि सासू पाया पडते. यात मला ढोंग दिसत नाही. घरात बोलायची सोय नसलेलं माणूस तिथं बोलतं. त्या बाईचं ऐकून घ्यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, ती भानावर असताना, तिच्याशी बोला.

त्या क्षणी काय करायचं? सावली द्या, पाणी द्या, पडणार नाही एवढं बघा. केस ओढणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं, यातलं काहीही नको. आणि अंगात आलेली व्यक्ती कुणाचं नाव घेऊन "तुमच्या धाकट्या जावेनं करणी केलीय" म्हणाली, तर तिथंच विषय थांबवा. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्या माणसाला दोषी ठरवायचा अधिकार कुणालाच पोचत नाही, मग अंगात कुणीही आलेलं असो.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही याच रेषेवर उभा आहे. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, हरिपाठ यांना त्यात स्पष्ट मोकळीक आहे. अंगात दैवी शक्ती आल्याचं सांगून दुसऱ्याला घाबरवणं, फसवणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार.

डोंगरावर असताना वाटतं, आता आयुष्य बदललं. सोमवारी कामावर गेलो की पुन्हा तेच. असं का?

गर्दीत चढलेली भावना गर्दीबरोबर उतरते. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२ साली या सामूहिक उकळीवर सविस्तर लिहिलं. त्याच्या मते एकत्र आलेला समाज त्या क्षणी स्वतःचीच ताकद अनुभवतो आणि तिला देवाचं नाव देतो. दुसऱ्या निम्म्याशी मी सहमत नाही, पहिलं निम्मं मात्र खरं आहे. उतरली म्हणून ती खोटी होती असं नाही. पुढच्या चैत्रापर्यंत टिकायला हवी असेल तर तिला रोजची एखादी साधी सवय जोडावी लागते.

शेवटी भाव महत्त्वाचा, बाकी सगळं गौण. बरोबर ना?

हे वाक्य कोण कुणाला ऐकवतंय ते आधी बघा.

१८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात, तेव्हा त्यांच्यासाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते, वेदोक्त नव्हे. छत्रपती झाले तरी त्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही, ही त्यामागची भूमिका. तिथून पेटलेलं वेदोक्त प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. "महाराज, मंत्र कुठला का असेना, भाव शुद्ध असला की झालं" असं म्हणून तो वाद मिटवणं सोपं होतं. महाराजांनी तो तसा मिटू दिला नाही. १९२० साली पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर त्यांनी सदाशिवराव बेनाडीकरांची क्षात्र जगद्गुरू, म्हणजे ब्राह्मणेतर समाजाचे धर्मगुरू म्हणून स्थापना केली. देवापर्यंतची वाट कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न भावनेनं सुटत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

२०१६ साली अंबाबाईच्या गाभाऱ्यात जाण्यासाठी स्त्रियांनी आंदोलन केलं तेव्हाही हेच वाक्य नव्या रूपात फिरत होतं: भाव असेल तर नमस्कार उंबऱ्याबाहेरूनही पोचतो. पोचत असेलही. मग आतल्यांचाही बाहेरून पोचला असता.

भाव मोठा हे मला मान्य आहे. स्वतःपुरतं म्हटलं तर त्या वाक्याला तोड नाही. दुसऱ्याचा हक्क अडवायला ते वापरलं, की त्यात भक्ती उरत नाही.

ध्यानाला बसल्यावर प्रकाश दिसतो, नाद ऐकू येतो. ही प्रगती आहे का?

कदाचित. पतंजलींनी योगातल्या अडथळ्यांत आजार, आळस, संशय यांच्याबरोबर भ्रांतिदर्शनही मोजलं आहे, आणि सिद्धी म्हणजे समाधीच्या वाटेवरचे उपसर्ग, म्हणजे अडथळेच, असं साफ म्हटलं आहे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातही तेच सांगतात: सुखद संवेदना आली तरी तिला धरू नका, तीही जाणारच.

मला यात अर्जुनाची गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. अकराव्या अध्यायात त्याला विश्वरूप दिसलं. याहून मोठा अनुभव कुठल्या धर्मात सांगितला असेल असं वाटत नाही. त्याचा परिणाम काय? तो थरथरला, घाबरला, आणि नेहमीचंच रूप दाखव म्हणून विनवू लागला. गीता तिथं संपत नाही. अजून सात अध्याय बाकी असतात, आणि त्यांत कृष्ण त्याला गुण, श्रद्धा, आहार, दान, कर्म असल्या रोजच्या गोष्टी समजावत बसतो. दर्शन झालं म्हणून समजूत आली असं झालं नाही.

तेव्हा प्रकाश दिसला तर दिसू द्या. पुढच्या बैठकीत तो पुन्हा यावा म्हणून धडपडू नका, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच सांगू नका.

मोहरमला आम्ही पंजापुढं हात जोडतो, तेव्हाही तसंच भरून येतं. मग खरा देव कोणता?

कोल्हापुरात हा प्रश्न पडणारच. तालमीत पीर बसतो, बाबूजमाल दर्ग्याला हिंदू घरांतून नैवेद्य जातो, तिकडं कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो. भावना धर्माचा दाखला बघून येत नाही.

याचे दोन निष्कर्ष लोक झटपट काढतात. एक, सगळे धर्म आतून एकच. दोन, सगळे अनुभव नुसत्या कल्पना. मला दोन्ही घाईचे वाटतात. अल-गझाली ११व्या शतकात बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते, मोठं नाव होतं. १०९५ साली त्यांची वाचाच बसली, शिकवणं अशक्य झालं, आणि सगळं सोडून ते सूफींच्या वाटेला लागले. त्यांना जे गवसलं ते त्यांनी इस्लामच्या भाषेत मांडलं. तुकोबांनी विठ्ठलाच्या भाषेत मांडलं. दोघांच्या अंगावर आलेला काटा सारखा असेल. देवाबद्दल, माणसाबद्दल, मरणानंतरच्याबद्दल दोघं जे म्हणाले ते सारखं नाही. तो फरक पुसणं हा दोघांवरही अन्याय. काट्यावरून फार तर कळतं, की माणूस आपल्याहून मोठ्या कशाला तरी सामोरा गेला आहे. ते काय आहे हे ठरवायला ग्रंथ, विचार, चर्चा, आयुष्यभराचं वागणं हे सगळं लागतं.

पंजापुढं हात जोडले म्हणून अंबाबाई रागावेल का, असाही उपप्रश्न येतो. या गावात इतक्या पिढ्या तसं करत आल्या, अजून रागावलेली नाही.

मुलगा इंजिनीअर आहे. म्हणतो, बाबा, हे सगळं मेंदूतलं केमिकल आहे. त्याला काय उत्तर देऊ?

त्याला म्हणा, तांबड्या रश्श्याची चवही मेंदूतच लागते, तेवढ्यानं वाटी रिकामी ठरत नाही. लगेच तो म्हणेल, स्वप्नातसुद्धा रस्सा ओरपता येतो. तेही बरोबर आहे. मेंदूत काय घडतं हे कळल्यानं बाहेर देव आहे की नाही हे ठरत नाही. ना त्याच्या बाजूनं, ना तुमच्या. इथं वाद बरोबरीत सोडा आणि एकत्र जेवायला बसा.

बाबा वारून वर्ष झालं. पहाटे त्यांनी हाक मारलेली स्पष्ट ऐकू येते. मला वेड लागतंय का? की त्यांची काही इच्छा राहिलीय?

वेड नाही. वेल्समधल्या एका डॉक्टरनं जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ साली अहवाल छापला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या माणसाचं असणं जाणवलं होतं, काहींना ते दिसले, काहींना आवाज ऐकू आला. बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि अनेकांना त्याचा आधारच वाटला होता. चाळीस वर्षं जो आवाज ऐकला तो कान एका वर्षात विसरत नाही.

इच्छा राहिली का, हे मी सांगू शकत नाही. पण "राहिलीय, अमुक हजारांचा विधी करा" असं जो लगेच सांगतो, त्याच्याकडं पुन्हा जाऊ नका. बाबांच्या आवडीचं काहीतरी करून चार माणसांना जेवू घाला, आणि हाक ऐकू आली तर "ओ" द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

२०१९ च्या पुरात घर गेलं. तेव्हापासून देवाचा राग येतो. हात जोडवत नाहीत. हे पाप आहे का?

विचारणाऱ्या ताई शिरोळ तालुक्यातल्या होत्या. त्यांच्या भागातल्या नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी चढून उत्तरेच्या दारानं देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडतं, तेव्हा त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. तेच पाणी त्या ऑगस्टमध्ये घरात आलं आणि भिंत घेऊन गेलं. एकाच पाण्याला तीर्थ आणि काळ म्हणायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि धरणाचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामं, पाऊस हे सगळं सांगून त्यांच्या रागाला उत्तर मिळत नाही.

पापाबद्दल मात्र सांगता येतं. संत देवावर चिडलेले आहेत, आणि त्या चिडीचे अभंग आपण टाळ वाजवत म्हणतो. जनाबाईंनी विठोबाला "मूळ मायेच्या कारट्या" म्हटलं आणि पुढं त्याहून कडक शिव्या दिल्या. तुकोबा तर "माझे लेखीं देव मेला" म्हणून मोकळे झाले. येशूनं वधस्तंभावर ओरडून विचारलं, "माझ्या देवा, तू मला का सोडलंस?" हे सगळं परंपरेनं गाळून टाकलं नाही, जपून ठेवलं. राग हाही नात्याचाच भाग असतो. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याच्यावर माणूस वर्षानुवर्षं चिडून राहत नाही.

हात जोडवत नसतील तर नका जोडू. घरातल्यांनीही ताईंना ओढून देवळात नेऊ नये.

नवस फेडायचा राहिलाय. घरात काही वाईट झालं की तेच आठवतं. ही भीती म्हणजे श्रद्धाच ना?

देवापुढं धाक वाटणं वेगळं. रुडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकानं १९१७ साली लिहिलं, की पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ दोन्ही एकत्र असतात. विश्वरूपापुढचा अर्जुन हे त्याचंही आवडतं उदाहरण. पण तुमच्या भीतीत ओढ कुठं आहे? पोराला ताप आला की आधी नवस आठवतो आणि मग डॉक्टर, ही सावकाराची भीती झाली.

या भीतीनं आपल्या भागात फार नुकसान केलं आहे. केसांत गुंता होऊन जट झाली, की "यल्लम्माची आलीय, कापली तर घरावर संकट" म्हणून बायका वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवत आल्या. कितीतरी मुली याच धाकानं देवीला, देवदासी म्हणून, सोडल्या गेल्या. त्याविरुद्ध गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात चळवळ उभी करावी लागली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी बायकांना समजावून कितीतरी जटा सोडवल्या.

नवस फेडायचा असेल तर ऐपतीप्रमाणं फेडून मोकळे व्हा. कर्ज काढून नको. आणि पुढच्या वेळी तुकोबांचं ऐका: नवसानं मुलं होत असती तर नवरा कशाला लागला असता?

एक महाराज म्हणतात, "मला साक्षात्कार झाला आहे, तुम्ही फक्त विश्वास ठेवा." ठेवावा का?

त्यांना झालाही असेल. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं धार्मिक अनुभवांचे शेकडो दाखले तपासून १९०२ साली मांडलं, की असा अनुभव ज्याला आला त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो, तो त्याला मानणारच; बाहेरच्यानं तो विचार न करता मान्य केलाच पाहिजे असं कोणतंही बंधन नाही. समर्थांनी तर शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती तिन्ही जुळल्या पाहिजेत असं सांगून ठेवलंय. "फक्त विश्वास ठेवा" म्हणणारा यातली तिसरी तुमच्याकडून काढून घेतो.

मी तीन गोष्टी विचारतो. त्यांना प्रश्न विचारलेला चालतो का? पैशाचा हिशोब कुणाला बघायला मिळतो? आणि त्यांच्याकडं जायला लागल्यापासून तुमचं घरच्यांशी बोलणं वाढलं की तुटलं? बायकांना एकांतात भेटायला बोलावत असतील तर चौथं काही विचारायची गरज नाही, सरळ पोलीस ठाणं गाठा.

प्रश्न विचारणं या गावात फुकट मिळालेलं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरेंना इथंच, सकाळच्या फेरीवरून परतताना गोळ्या घातल्या गेल्या.

हा आध्यात्मिक अनुभव आहे की आजार, कसं ओळखायचं?

आवाज, दर्शन, अंगात येणं यावरून ठरत नाही; दोन्हीकडं ते असू शकतं. बाकीचं आयुष्य कसं चाललंय ते बघा. माणूस यात्रेहून परतला, झोपला, उठून दुकान उघडलं, हिशेब नीट लागला, तर काळजीचं कारण नाही. पण कित्येक रात्री झोप नाही, जेवण सुटलं, "मीच देव आहे" म्हणत घरातले पैसे वाटून टाकले, आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतोय, शेजारी विष घालतायत असा पक्का संशय बसलाय, तर उशीर करू नका. फिट येऊन गेल्यावर विचित्र अनुभव सांगत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत असं वागणं दिसलं तर त्याच दिवशी न्या. ते फार वेगानं बिघडतं आणि योग्य औषधांनी बरंही होतं.

देवऋषीकडं जायचंच असा घरच्यांचा हट्ट असेल तर भांडत बसू नका. अंगारा लावू दे, गोळ्या चुकवू देऊ नका. सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन मराठीतही बोलते, पैसे लागत नाहीत: १४४१६.